पहारेकऱ्यांवरच घाला : विषाणुसंसर्गामुळे वराहांची रोगप्रतिकारशक्ती कशी खचते?

मिझोरममधील वराहपालकांपुढे २०१३ साली एक अपरिचित संकट उभे राहिले. गाभण डुकरिणी दिवस भरण्यापूर्वीच गाभडू लागल्या. जिवंत जन्मलेली पिल्ले अशक्त होती आणि त्यांतील अनेक पिल्ले दूध तुटण्याआधीच दगावली. वाढत्या वयाच्या डुकरांना तीव्र ताप येत होता, धाप लागत होती. काहींच्या कानांवर निळसर-जांभळी छटा दिसत होती. तपासणीअंती हा वराहांचा प्रजनन व श्वसन विकार, म्हणजेच पी.आर.आर.एस. हा विषाणुजन्य रोग असल्याचे निष्पन्न झाले. भारतात या रोगाच्या साथीची ही पहिलीच नोंद होती.

या रोगाचे एक वैशिष्ट्य पशुवैद्यकांना जगभर बुचकळ्यात टाकत आले आहे. दगावलेल्या डुकराची उत्तरीय तपासणी केली असता फुप्फुसात अनेकदा जिवाणू सापडतात आणि मृत्यूचे कारण न्यूमोनिया असल्याचे दिसते. परंतु हे जिवाणू बहुधा त्या डुकराच्या नाकात व घशात आधीपासूनच वास्तव्य करून असतात आणि निरोगी जनावराला त्यांचा उपद्रव होत नाही. ते अचानक प्राणघातक का ठरावेत, या प्रश्नाचे उत्तर विषाणूपाशी येऊन थांबते. विषाणू आधी शरीराचा पहारा मोडून काढतो आणि त्यानंतर कोणताही आगंतुक आत शिरू शकतो.

भारतातील लहान वराहपालकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख ६० हजार वराह होते आणि त्यांपैकी जवळपास निम्मे ईशान्येकडील राज्यांत होते. एकट्या आसाममध्ये ही संख्या सुमारे २१ लाख होती. या भागात घराच्या मागे दोन-चार डुकरे पाळणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. मुलांचे शिक्षण, आजारपण किंवा लग्नकार्य अशा प्रसंगी हीच डुकरे त्यांची शिल्लक असते.

संरक्षणाच्या तीन फळ्या

वराहाच्या शरीराचे संरक्षण ढोबळमानाने तीन फळ्यांत विभागता येते. पहिली फळी म्हणजे त्वचा, श्वासमार्गाचे ओलसर अस्तर आणि आतड्याचा आतील थर. दुसरी फळी तत्काळ प्रतिसाद देणाऱ्या पेशींची असते. त्यात भक्षक पेशींना विशेष महत्त्व आहे. फुप्फुसातील वायुकोशांत या पेशी सतत फिरत्या असतात. श्वासावाटे आलेली धूळ, जिवाणू व मृत पेशी त्या गिळून टाकतात. वराहांच्या फुप्फुसातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतही भक्षक पेशी ठाण मांडून असतात आणि रक्तात शिरलेले जिवाणू टिपून घेतात.

तिसरी फळी अधिक नेमकी, परंतु संथ असते. लसिकाग्रंथी, प्लीहा व टॉन्सिल यांतील लसिकापेशी विशिष्ट रोगजंतूची ओळख पटवून घेतात, त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात आणि ती ओळख स्मरणात ठेवतात. लसीकरणाचा सारा आधार या स्मरणावर असतो. भक्षक पेशींचे कामही केवळ जंतू गिळण्यापुरते नसते. गिळलेल्या जंतूचे अंश त्या लसिकापेशींपुढे मांडतात. म्हणजे दुसऱ्या फळीने वर्दी दिली नाही, तर तिसरी फळी वेळेवर जागी होत नाही.

नवजात पिल्लांची स्थिती आणखी नाजूक असते. वराहांमध्ये वारेच्या रचनेमुळे आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्याकडे जवळजवळ कोणतेही तयार संरक्षण नसते. ते त्याला आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून मिळते. चिकातील प्रतिपिंडे आतड्यातून रक्तात शोषली जाण्याची मुभाही थोडाच वेळ असते. जन्मानंतर साधारण एक ते दीड दिवसात हा मार्ग बंद होतो. आई तापाने फणफणलेली असेल आणि तिला दूध उतरले नाही, तर पिल्लाची ही संधी कायमची हुकते.

विषाणूचे घर : भक्षक पेशी

पी.आर.आर.एस. या रोगाची लक्षणे अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रथम लक्षात आली. कारण उमगत नसल्याने त्या वेळी त्याला वराहांचा गूढ रोग असेच म्हटले जाई. १९९० मध्ये जर्मनीत व त्यापाठोपाठ युरोपातील इतर देशांत तो आढळला. १९९१ मध्ये नेदरलँड्समधील लेलिस्टाड येथील शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू वेगळा करण्यात यश मिळवले. २००६ मध्ये चीनमध्ये या विषाणूच्या अतितीव्र प्रकाराची साथ आली. त्यात वीस लाखांहून अधिक डुकरे बाधित झाली आणि सुमारे चार लाख दगावली. मिझोरममध्ये आढळलेला विषाणू याच चिनी प्रकाराशी जवळचे नाते असलेला होता.

या विषाणूचे वेगळेपण त्याच्या निवाऱ्याच्या निवडीत आहे. बहुतेक विषाणू भक्षक पेशींपासून बचाव करू पाहतात. हा मात्र त्यांच्यातच शिरतो. वायुकोशांतील भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर सी.डी. १६३ नावाचे एक प्रथिन असते. रक्तातील तुटलेल्या तांबड्या पेशींतून बाहेर पडणारे हिमोग्लोबिन उचलून नेणे, हे त्याचे नेहमीचे काम. विषाणू पेशीत प्रवेश मिळवण्यासाठी याच प्रथिनाचा वापर करतो. आत गेल्यावर तो स्वतःच्या असंख्य प्रती तयार करतो आणि अखेरीस ती पेशी मरते. बाधित न झालेल्या शेजारच्या पेशीही या धुमश्चक्रीत नष्ट होतात. उरलेल्या भक्षक पेशींची जिवाणू गिळण्याची व मारण्याची क्षमता घटलेली असते.

इशारा दाबला जातो, प्रतिपिंडे उशिरा येतात

विषाणूचा शिरकाव झालेली पेशी सर्वसाधारणपणे इंटरफेरॉन नावाची प्रथिने स्रवते. ही प्रथिने म्हणजे आसपासच्या पेशींना दिलेला धोक्याचा इशारा होय. तो मिळताच शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखण्याची तयारी करतात. पी.आर.आर.एस. विषाणूकडे हा इशारा दाबून टाकणारी स्वतःची काही प्रथिने असतात. त्यामुळे संसर्गाच्या पहिल्या, सर्वांत मोलाच्या दिवसांत शरीराचा प्रतिसाद क्षीण राहतो.

पुढचा घोटाळा प्रतिपिंडांचा आहे. संसर्गानंतर आठवडा-दहा दिवसांत रक्तात प्रतिपिंडे दिसू लागतात आणि रक्ततपासणीत ती सापडतातही. परंतु ही पहिली प्रतिपिंडे विषाणूला निष्प्रभ करू शकत नाहीत. ते सामर्थ्य असलेली प्रतिपिंडे साधारणपणे चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळाने, तीही अल्प प्रमाणात, तयार होतात. दरम्यान विषाणू टॉन्सिल व लसिकाग्रंथींत दडून बसतो आणि डुक्कर बरे झाल्यासारखे दिसत असले तरी काही महिने तो तेथे टिकून राहू शकतो. या विषाणूची जनुकीय घडण आर.एन.ए. स्वरूपाची असून ती वेगाने बदलते. एका प्रकाराविरुद्ध मिळालेले संरक्षण दुसऱ्या प्रकाराविरुद्ध पुरे पडेलच, अशी खात्री देता येत नाही.

पहिले कारण नजरेआड

पहारा ढासळला की दुय्यम संसर्ग सुरू होतात. स्ट्रेप्टोकॉकस, पाश्चुरेला, साल्मोनेला आणि श्वासमार्गातील मायकोप्लाझ्मा हे त्यांतील नेहमीचे जिवाणू आहेत. गर्भावस्थेत पी.आर.आर.एस. विषाणूची बाधा झालेल्या पिल्लांमध्ये स्ट्रेप्टोकॉकसमुळे होणारा मेंदूज्वर व सांधेदुखी अधिक तीव्र असते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील भक्षक पेशी निकामी झाल्याने रक्तातील जिवाणू टिपले जात नाहीत आणि ते थेट मेंदूच्या आवरणापर्यंत व सांध्यांपर्यंत पोहोचतात.

पालकाला मात्र डोळ्यांपुढे दिसतो तो खोकला, लंगडेपणा किंवा हगवण. तो प्रतिजैविके आणतो. जिवाणूंवर त्यांचा परिणाम होऊन काही डुकरे सावरतात. विषाणूवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. काही आठवड्यांनी दुसरा जिवाणू डोके वर काढतो आणि पुन्हा औषधांचा खर्च होतो. प्रतिजैविकांच्या अशा वारंवार व अंदाजाने होणाऱ्या वापरातून औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढीस लागतात, ही बाब मानवी आरोग्याच्या दृष्टीनेही चिंतेची आहे. कळपात एकामागून एक वेगवेगळे आजार येत असतील, तर त्यांच्या मुळाशी एखादा विषाणू आहे काय, याची प्रयोगशाळेत तपासणी होणे म्हणूनच आवश्यक ठरते.

अन्य विषाणूंच्या निराळ्या वाटा

रोगप्रतिकारशक्तीवर आघात करणारा हा एकमेव विषाणू नाही. वराहांचा सर्कोव्हायरस हा आकाराने सर्वांत लहान विषाणूंपैकी एक असून त्याची जनुकीय साखळी अवघ्या १,७६८ दुव्यांच्या आसपास असते. त्याच्या दुसऱ्या प्रकारामुळे दूध तुटल्यानंतरची पिल्ले खंगत जातात. अशा पिल्लांच्या लसिकाग्रंथींतील लसिकापेशी विरळ होतात. तथापि या विषाणूची बाधा झालेले प्रत्येक डुक्कर आजारी पडतेच असे नाही. सोबत पी.आर.आर.एस.सारखा दुसरा संसर्ग असेल, तर रोगाची तीव्रता वाढते. दोन विषाणू असे परस्परांना पूरक ठरतात.

क्लासिकल स्वाइन फीव्हर हा भारतात दीर्घकाळ ठाण मांडून बसलेला रोग आहे. त्याच्या विषाणूची बाधा होताच रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या झपाट्याने घसरते. विशेष म्हणजे मरणाऱ्या लसिकापेशींपैकी अनेकींमध्ये विषाणू शिरलेलाही नसतो. बाधित भक्षक पेशींतून स्रवणाऱ्या रसायनांचा अतिरेक त्यांना आत्मनाशाकडे ढकलतो. इंटरफेरॉनच्या निर्मितीची आज्ञा देणारे एक महत्त्वाचे प्रथिनही हा विषाणू नष्ट करवतो.

या रोगाचा सर्वांत फसवा परिणाम गर्भातील पिल्लांवर होतो. गर्भधारणेच्या मध्यकाळात डुकरिणीला बाधा झाली, तर गर्भाची घडत असलेली प्रतिकारयंत्रणा विषाणूला परका न मानता शरीराचाच भाग समजू लागते. असे पिल्लू जन्मतः धडधाकट दिसू शकते. पण त्याच्या शरीरात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत आणि ते महिनोन्महिने विषाणू बाहेर टाकत राहते. पुढे ते खंगून मरते, तोवर रोग इतरत्र पोहोचलेला असतो.

आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू सर्वस्वी निराळ्या कुळातील, मोठ्या डी.एन.ए. साखळीचा आहे, परंतु त्याचेही मुख्य लक्ष्य भक्षक पेशीच आहेत. १९२१ मध्ये केनियातून त्याचे प्रथम वर्णन करण्यात आले. भारतात २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात त्याचा शिरकाव झाल्याचे भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या तपासणीतून स्पष्ट झाले. मिझोरममध्ये २०२१ या एकाच वर्षात या रोगाने ३३ हजारांहून अधिक डुकरांचा बळी घेतला. त्याच्या तीव्र स्वरूपात मृत्यू इतक्या लवकर ओढवतो की दुय्यम संसर्गाला अवसरही मिळत नाही.

लस असूनही संरक्षण का मिळत नाही?

क्लासिकल स्वाइन फीव्हरविरुद्ध परिणामकारक लस उपलब्ध आहे. भारतात अनेक वर्षे ही लस सशांच्या शरीरात विषाणू वाढवून तयार केली जात असे. एका सशाच्या प्लीहेपासून सुमारे ५० मात्राच मिळत असल्याने देशाची गरज भागत नव्हती. इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनावर आधारित स्वदेशी लस विकसित केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती सादर करण्यात आली. तिच्या एका मात्रेची किंमत दोन रुपयांपेक्षाही कमी असेल, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले होते.

परंतु लस टोचली म्हणजे संरक्षण मिळाले, असे गृहीत धरता येत नाही. लस केवळ धडा देते. तो शिकण्याचे काम प्रतिकारयंत्रणेला करावे लागते. लसीकरणाच्या सुमारास डुकराला पी.आर.आर.एस.ची बाधा झालेली असेल, तर क्लासिकल स्वाइन फीव्हरच्या लसीपासून मिळणारे संरक्षण घटते, असे नियंत्रित प्रयोगांत आढळले आहे. लसीची मात्रा निर्दोष असते, टोचणाराही कुशल असतो. पण लसीची वर्दी पुढे पोहोचवणाऱ्या भक्षक पेशीच आजारी असतात. काही महिन्यांनी साथ आली की लस टोचलेली डुकरेही मरतात आणि गावकऱ्यांचा लसीवरील विश्वास उडतो. ज्या भागात हे दोन्ही रोग आढळतात, तेथे हा धोका अधिक संभवतो. एकदा गेलेला विश्वास परत मिळवणे हे नवी लस तयार करण्याइतकेच कठीण काम आहे.

लस अपयशी ठरण्याची आणखीही कारणे असतात. पिल्लाच्या रक्तात आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे भरपूर असताना लस दिली, तर ती प्रतिपिंडे लसीतील सौम्य विषाणूलाच निष्प्रभ करतात. डोंगराळ भागात वाहतुकीदरम्यान शीतसाखळी तुटली, तर लसीतील विषाणू मरून जातो. म्हणूनच लसीकरणाचे वय व वेळापत्रक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे आणि ताप असलेल्या किंवा खोकणाऱ्या डुकरांना लस टोचण्यापूर्वी त्यांची तपासणी करून घ्यावी, असे सांगितले जाते.

पालकांच्या हाती काय आहे?

या विषाणूंवर थेट उपचार करणारे औषध नाही. त्यामुळे संसर्ग वाड्यापर्यंत येऊ न देणे हाच मुख्य मार्ग उरतो. त्यासाठी पुढील दक्षता उपयुक्त ठरते.

विकत आणलेले डुक्कर थेट कळपात न सोडता काही आठवडे वेगळे ठेवावे. पी.आर.आर.एस.चा विषाणू वीर्यातूनही पसरत असल्याने गावोगाव फिरवल्या जाणाऱ्या नराचा वापर टाळावा आणि कृत्रिम रेतनासाठी तपासलेले वीर्यच वापरावे.

एकच सुई अनेक डुकरांना वापरू नये. लसीकरणाच्या वेळी वापरलेली दूषित सुईच रोगाचे वाहन ठरू शकते.

घरातील वा उपाहारगृहातील खरकटे चांगले उकळूनच खाऊ घालावे. दोन्ही प्रकारच्या स्वाइन फीव्हरचे विषाणू गोठवलेल्या मांसात महिनोन्महिने तग धरतात.

जन्मानंतर पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लाला चीक मिळेल, याकडे लक्ष द्यावे. अशक्त पिल्लांना हाताने स्तनाशी लावावे. निरनिराळ्या वयाची पिल्ले एकत्र मिसळू नयेत.

डुकरे अचानक मरू लागल्यास उरलेली घाईने विकून टाकू नयेत. आर्थिक नुकसानीच्या भीतीने झालेल्या अशा विक्रीतूनच रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो. प्राण्यांतील संसर्गजन्य व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणासाठीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित रोगांची माहिती प्रशासनाला देणे बंधनकारक आहे आणि सरकारी आदेशाने मारलेल्या जनावरांसाठी भरपाईची तरतूदही आहे.

ग्राहकांमध्येही या रोगांबाबत संभ्रम आढळतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. तेव्हापासून वराहांचा कोणताही रोग म्हणजे माणसालाही धोका, असा समज रूढ झाला. वस्तुतः पी.आर.आर.एस., क्लासिकल स्वाइन फीव्हर आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर हे तिन्ही रोग माणसाला होत नाहीत.

प्रवेशद्वारच बंद करण्याचा प्रयत्न

विषाणू ज्या प्रथिनाच्या आधारे पेशीत शिरतो, ते प्रथिनच बदलले तर काय होईल, या विचारातून अलीकडच्या काळात महत्त्वाचे संशोधन झाले आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जनुकसंपादनाद्वारे सी.डी. १६३ हे प्रथिन नसलेली डुकरे तयार केली. ती पी.आर.आर.एस. विषाणूच्या संसर्गापासून मुक्त राहिल्याचे २०१५ च्या अखेरीस जाहीर झाले. त्यानंतर एडिंबरा येथील रोझलिन संस्थेने या प्रथिनाचा केवळ विषाणूच्या उपयोगाचा भाग वगळून तेच साध्य केले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा जनुकसंपादित वराहांना अन्नासाठी मान्यता दिली.

तथापि हा मार्ग एकाच विषाणूपुरता आहे. सर्कोव्हायरस वा दोन्ही स्वाइन फीव्हर यांना तो लागू पडत नाही आणि ईशान्येकडील डोंगराळ गावांत पाळल्या जाणाऱ्या देशी डुकरांपर्यंत तो पोहोचण्यास अवकाश आहे. तोवर स्वच्छ सुई, वेळेवर पाजलेला चीक, नव्या जनावराचे विलगीकरण आणि पहिल्या संशयास्पद मृत्यूची तत्काळ दिलेली वर्दी यांवरच भिस्त ठेवावी लागेल. शरीरातील पहारा एकदा ढासळला की तो बाहेरून उभा करता येत नाही; तो शाबूत राहील अशी काळजी मात्र प्रत्येक वाड्यात घेता येते.